पहिल्या सेकंदाचं बीज



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं काढली आहेत. प्रात्यक्षिकाला बसलं की गॅल्व्हानोमीटरचा काटा काही केल्या पुरता स्थिर व्हायचा नाही. आम्ही काचेवर टिचकी मारून त्याला गप्प करायला बघायचो. सर मागून येऊन सांगायचे, काटा थरथरतोय ना, मग तसंच वहीत लिहा. त्यांच्याकडूनच आम्हाला कळलं की तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्या हालचालीचा एक बारीक गोंगाट कुठल्याही विद्युतमंडलात असतोच. जॉन्सननं तो मोजला आणि नायक्विस्टनं त्याचं गणित मांडलं. दोघंही अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले, साल १९२८. आम्ही तो गोंगाट ‘त्रुटी’ या रकान्यात लिहीत होतो. पुढे माझं सगळं कामकाजाचं आयुष्य त्याच गोंगाटाच्या मागे गेलं, हे आज सरांना सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

आजचा विषय आहे बूटलोडरमधल्या सुरक्षा चिपच्या ड्रायव्हरकडून यादृच्छिक संख्या मिळवण्याची सोय करणं. नाव लांबलचक आहे, पण आतला प्रश्न सोपा आहे. वीज नुकतीच आली आहे आणि यंत्राला अजून कशाचाच अनुभव नाही. अशा यंत्रानं दुसऱ्या कुणालाही ओळखता येणार नाही अशी संख्या आणायची कुठून?

संख्या काय, हिशेब करून काढता येईल, असं पहिल्यांदा वाटतं. इथे आपल्याच माणसाचं उदाहरण घेतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक गंमतीदार गोष्ट जगापुढे ठेवली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेली संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता तुम्ही दुसरी कुठलीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वरच येता. गणितात हे सौंदर्य आहे. पण गुप्त किल्ली बनवायला बसलेल्या यंत्राच्या बाबतीत नेमकं असंच घडलं, सुरुवाती वेगवेगळ्या दिसल्या आणि शेवट मात्र मोजक्याच ठिकाणी झाला, तर तो अनर्थ असतो. नियमानं चालणारी आकडेमोड सुरुवातीला जेवढं अज्ञात होतं त्याहून जास्त अज्ञात निर्माण करू शकत नाही. हे सुरुवातीचं अज्ञात, म्हणजे बीज, बाहेरून यावं लागतं.

हा अनर्थ घडलेला आहे. २००८ च्या मे महिन्यात डेबियन या लिनक्स वितरणातली एक चूक उघड झाली. ती लुसियानो बेल्लो यांना सापडली. आधी कधीतरी ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या कोडमधल्या ओळी एका तपासणी साधनाच्या तक्रारीवरून काढून टाकल्या होत्या. त्या ओळींबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा पुरवठा बंद झाला. उरला तो फक्त प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. दीडएक वर्षं जगभरचे लोक त्या मोजक्या ढिगातून किल्ल्या उचलत होते आणि प्रत्येकाला आपली किल्ली एकमेव वाटत होती.

डेबियनमध्ये निदान चूक कुणीतरी केली होती. २०१२ मध्ये जे समोर आलं त्यात कुणी काही काढून टाकलं नव्हतं, आणि म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. नादिया हेनिंगर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हाल्डरमन या चौघांनी सगळं इंटरनेट चाळून ५८ लाख वेगवेगळी टीएलएस प्रमाणपत्रं आणि ६२ लाख एसएसएच किल्ल्या गोळा केल्या. मग त्यांनी जे केलं ते तुम्ही-आम्ही पाचवी-सहावीत शिकलो आहोत. त्यांनी मसावि काढला.

आरएसए किल्लीच्या मुळाशी दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो. गुणाकार सगळ्यांना दिसतो, अवयव गुप्त असतात, आणि ते शोधायला युगं लागतील यावर सुरक्षा उभी असते. आता समजा दोन यंत्रांनी योगायोगानं एक अवयव सारखाच निवडला. लहान आकड्यांत पाहू. एकाची संख्या ३९१, दुसऱ्याची ४९३. अवयव शोधत बसू नका, भागाकाराच्या रीतीनं मसावि काढा. ४९३ मधून ३९१ गेले, उरले १०२. ३९१ ला १०२ नं भागलं, बाकी ८५. १०२ मधून ८५ गेले, उरले १७. ८५ ला १७ नं भाग पूर्ण जातो. म्हणजे ३९१ हे १७ गुणिले २३ आणि ४९३ हे १७ गुणिले २९. दोन्ही कुलपं उघडली. शेकडो अंकी संख्यांवरही ही रीत क्षणात चालते. या रीतीनं त्या चौघांना ०.५० टक्के टीएलएस यंत्रांच्या खाजगी किल्ल्या मिळाल्या. टक्का लहान वाटेल, पण तो सगळ्या इंटरनेटचा आहे, आणि तिथे मिळायला हवा होता शून्य.

ही यंत्रं कोणती होती? राउटर, फायरवॉल, दूरनियंत्रणाची कार्डं. कळफलक नाही, पडदा नाही, बऱ्याचदा फिरणारी डिस्कही नाही. मोठ्या संगणकात लिनक्स कर्नल यादृच्छिकता गोळा करतो ती कळ दाबल्याच्या वेळा, डिस्कच्या हालचाली, नेटवर्कचे धक्के यांतून. या डब्यांत पहिल्या सेकंदाला त्यातलं जवळजवळ काहीच नसतं. त्यातून पहिल्यांदा चालू झाल्या झाल्या किल्ली बनवायची असा आदेश. घड्याळाला बॅटरी नसली तर प्रत्येक डबा जन्मतो तो १ जानेवारी १९७० ला. एकाच कारखान्यातले दोन डबे पहिल्या सेकंदाला एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात. पहिला अवयव निवडताना दोघांची अवस्था सारखी असते, मग घड्याळाचा एखादा ठोका इकडे-तिकडे पडतो आणि दुसरा अवयव वेगळा निघतो. मसाविला तेवढंच पुरतं.

मी हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला होता, कारण तशीच एक घटना माझ्या हातून घडून गेली होती. एका कंपनीसाठी आम्ही वीजमापनाची माहिती गोळा करणारा डबा बनवला होता. जागेवर जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाचा फोन आला की दोन डब्यांच्या किल्लीचा ठसा एकच दिसतोय, तुम्ही एकच डबा दोनदा पाठवलाय का? मी त्याला सांगितलं, तू वाचताना चुकला असशील. तो चुकला नव्हता. किल्ली पहिल्या बूटला बनावी अशी व्यवस्था मीच लिहिली होती आणि ती चोख आहे असं माझं ठाम मत होतं. त्या तंत्रज्ञाची मी नंतर माफी मागितली. पण त्या डब्यात बोर्डावर सुरक्षा चिप बसलेली होती, तिच्यात यादृच्छिक संख्या तयार होत होत्या आणि आमच्यापैकी कुणीही तिला त्या मागितल्या नव्हत्या, ही गोष्ट मला अजून टोचते.

ही चिप म्हणजे टीपीएम. २०२१ मध्ये विंडोज ११ नं टीपीएम २.० ची अट घातली तेव्हा हा शब्द बऱ्याच घरांत पोहोचला. ती किल्ल्या सांभाळते, यंत्र कोणत्या सॉफ्टवेअरनं सुरू झालं याच्या नोंदी ठेवते, एवढं लोकांना माहीत असतं. पण तिच्या पोटात सरांच्या काट्याची थरथरही असते. यादृच्छिक संख्यांच्या अशा जनकांत सहसा लहान दोलकमंडलं असतात. उष्णतेच्या गोंगाटामुळे त्यांचे ठोके किंचित मागेपुढे पडतात, ते अनियमितपण टिपलं जातं, धुऊन-गाळून घेतलं जातं आणि त्यातून बीज घेऊन पुढची संख्या बनते. स्रोत बिघडून एकच आकडा परत परत देऊ लागला तर ते ओळखण्याच्या चाचण्या कशा असाव्यात, हे अमेरिकेच्या मानक संस्थेनं, निस्टनं, २०१८ च्या दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे.

मग कर्नल सुरू झाल्यावर चिपला विचारलं की झालं, बूटलोडरला मध्ये कशाला आणायचं?

बूटलोडर म्हणजे वीज आल्यावर कर्नलला स्मृतीत आणून उभं करणारा छोटा प्रोग्राम. छोट्या बोर्डांच्या जगात यू-बूट सर्वांत जास्त दिसतो. वोल्फगांग डेंक यांनी तो उभा केला आणि वाढवला. २०२२ मध्ये ते गेले. कर्नलला पहिली यादृच्छिक संख्या लागते ती स्वतः नीट जागा होण्याच्या आधी. हल्लेखोराला कर्नलचा पत्ता ठाऊक नसावा म्हणून प्रत्येक बूटला कर्नल स्मृतीत वेगळ्या जागी बसतो. चौसष्ट बिटी आर्म प्रोसेसरवर ही सोय २०१६ पासून आहे. आता बसायची जागाच ठरवायची असेल तर ती बसण्याआधी ठरायला हवी. त्या वेळी कर्नलचे स्वतःचे ड्रायव्हर चालत नसतात, आणि अनेक आर्म प्रोसेसरांत यादृच्छिक संख्येची सूचनाही नसते. म्हणून कर्नल बूटलोडरनं हातात दिलेल्या चिठ्ठीकडे, म्हणजे डिव्हाइस ट्रीकडे पाहतो. तिथे बीज असलं तर वापरतो आणि मागून कुणी वाचू नये म्हणून लगेच पुसतो. बीज नसलं तर ठरलेल्या जागी मुकाट्यानं बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही यंत्रं सारखीच चालताना दिसतात.

बीज वेळेत आलं नाही तर काय होतं, याचा एक नमुना २०१९ च्या सप्टेंबरमधला आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल व्यवस्थेत एक सुधारणा झाली आणि डिस्कवरचं वाचन कमी झालं. काम चांगलंच होतं. पण वाचन कमी म्हणजे डिस्कचे धक्के कमी, धक्के कमी म्हणजे गोळा होणारी यादृच्छिकता कमी. काही संगणक लॉगिनच्या पडद्याआधीच यादृच्छिक संख्येची वाट बघत थांबले. कुणी कळफलकावर चार कळा दाबल्या तर पुढे सरकायचे. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नलच्या ५.३ आवृत्तीसाठी ती सुधारणा मागे घेतली आणि ५.४ मध्ये प्रोसेसरच्याच वेळेतल्या चढउतारांतून यादृच्छिकता मिळवण्याचा पर्याय घातला. बूटलोडरनं दिलेल्या बीजावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याची सोयही त्याच ५.४ मध्ये आली.

यू-बूटच्या बाजूनं पाहिलं तर यादृच्छिक संख्या देणाऱ्या उपकरणांचा स्वतंत्र वर्ग तिथे २०१९ च्या अखेरीस तयार झाला आणि टीपीएमला त्या वर्गात जागा मिळाली २०२२ मध्ये. काम दिसायला चिमुकलं आहे. चिपला जो आदेश पाठवायचा तो सगळा मिळून बारा बाइटांचा. दोन बाइट प्रकाराचे, चार लांबीचे, चार आदेशाच्या क्रमांकाचे आणि शेवटचे दोन, किती बाइट हवेत ते सांगणारे. एवढ्याशा आदेशात काय चुकायचं आहे, असं वाटेल. मी या कामात जेवढे कोड तपासले त्यावरून सांगतो, चुकण्याच्या जागा बाइटांपेक्षा कमी नसतात.

चिपला आधी ‘सुरू हो’ असा आदेश द्यावा लागतो. तो न देता संख्या मागितली तर ती नकार देते. बूटलोडरमध्ये कोण आधी, कोण नंतर हा क्रम नाजूक असतो, त्यामुळे हा नकार बऱ्याचदा वाट्याला येतो. दुसरं असं की, मागाल तेवढं चिप एका दमात देत नाही. तिच्या सर्वांत मोठ्या हॅशएवढे बाइट ती एका वेळी देते. तुम्ही शंभर मागितले आणि बत्तीसच आले तर उरलेल्यांसाठी पुन्हा विचारायला हवं. ते न करणाऱ्या कोडमध्ये बत्तीस बाइट खरे आणि अडुसष्ट बाइट त्या जागेत आधी जे पडलं होतं ते. वर हे शंभरही बाइट डोळ्यांना सारखेच यादृच्छिक दिसतात. उलट, पुन्हा पुन्हा विचारताना चिप शून्य बाइट देत राहिली तर यंत्र तिथेच अडकून बसेल, म्हणून फेऱ्यांना मर्यादाही हवी.

माझ्या मते सर्वांत घातक जागा मात्र आणखी साधी आहे. बूटलोडरच्या जगात रिवाज असा की काम झालं तर शून्य परत द्यायचं, चुकलं तर ऋण संख्या. टीपीएमचे स्वतःचे चुकांचे क्रमांक धन असतात. समजा चिप म्हणाली ‘जमलं नाही’ आणि ड्रायव्हरनं तो धन क्रमांक जसाच्या तसा वर पाठवला. वरचा कोड फक्त ऋण आहे का एवढंच बघतो. ऋण नाही, म्हणजे झालं काम! आणि रिकामी जागा बीज म्हणून कर्नलच्या हाती जाते. २०२२ च्या त्या बदलांत यू-बूटमधल्या संख्या मागणाऱ्या फलनाचा परतीचा प्रकार चिन्हरहित होता तो चिन्हसहित करण्यात आला. बदल एका शब्दाचा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून सहज निसटेल असा. पण नव्या वर्गात शिरताना ‘मिळालं’ आणि ‘मिळालं नाही’ यांची भाषा एक झाली नाही तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

इतर बहुतेक ड्रायव्हर चुकले की लगेच कळतं. पडद्याचा ड्रायव्हर चुकला तर अंधार होतो, नेटवर्कचा चुकला तर तार मुकी होते. यादृच्छिक संख्येचा ड्रायव्हर चुकला तर सगळं सुरळीत चालतं. यंत्र चालू होतं, किल्ली बनते, ग्राहक बिल चुकतं करतो, आणि कित्येक वर्षांनी कुणीतरी मसावि काढतो. म्हणून इथे चूक झाली तर मोठ्यानं सांगणं, जागा पुसून टाकणं आणि पुढे न जाणं, हेच ड्रायव्हरचं खरं काम आहे. संख्या आणणं त्यामानानं सोपं आहे.

आता विश्वासाचा प्रश्न. चिप आपण बनवलेली नाही, तिच्या पोटात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. ही शंका पोकळ नाही. निस्टनं मान्यता दिलेल्या ड्युअल ईसी नावाच्या जनकात चोरवाट ठेवता येते हे शुमो आणि फर्ग्युसन यांनी २००७ मध्ये दाखवलं. २०१३ मध्ये स्नोडेन यांनी अमेरिकी हेरखात्याची कागदपत्रं फोडल्यानंतर तो संशय पक्का झाला आणि २०१४ मध्ये निस्टनं तो काढून टाकला. २०१७ मध्ये ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या उत्पादकाच्या चिपमधली आरएसए किल्ल्या बनवण्याची रीतच कच्ची असल्याचं उघड केलं. एस्टोनियाची सुमारे साडेसात लाख ओळखपत्रं त्यात सापडली. तिथे दोष गोंगाटाचा नव्हता, मूळ संख्या निवडण्याच्या आडवाटेचा होता. शिवाय चिप आणि प्रोसेसर यांच्यामधली तार उघडी असते. तिथे मध्येच बसून उत्तरं बदलणारं उपकरण जेरेमी बून यांनी २०१८ मध्ये करून दाखवलं. यादृच्छिक संख्यांचं उत्तरही बदलता येतं, आणि उत्तरातला लांबीचा आकडा खोटा पाठवून ड्रायव्हरला नको तिथे लिहायला लावता येतं. म्हणून आलेली लांबी मागितलेल्या लांबीपेक्षा जास्त नाही ना, हे तपासणं ड्रायव्हरच्या कर्तव्यातच येतं. लिनक्स कर्नलनं २०२४ च्या ६.१० आवृत्तीत चिपशी होणारं संभाषण कूटबद्ध करण्याची सोय आणली.

एवढं सगळं असूनही चिप सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये प्रोसेसरची यादृच्छिक संख्येची सूचना कर्नलमधून काढून टाकावी अशी मागणी झाली तेव्हा टोरवाल्ड्स यांनी ती फेटाळली. कारण ती सूचना एकटी वापरली जात नाही, अनेक स्रोतांत मिसळली जाते. मला ही भूमिका पटते. नीट मिसळलं तर एक खरा स्रोत चार संशयास्पद स्रोतांना सावरून घेतो. बोर्डावर प्रोसेसरचा जनकही असेल आणि टीपीएमही असेल, तर यादीतलं पहिलं उपकरण उचलून मोकळं होण्यापेक्षा दोघांकडून घ्यावं आणि एकत्र करावं. काही मिलिसेकंद जातील. पंधरा वर्षं कुठल्या तरी उपकेंद्राच्या भिंतीवर लटकणाऱ्या डब्याच्या आयुष्यात तेवढी सवड नक्की आहे.

या सभागृहात पुण्यातले बरेच तरुण अभियंते बसलेले मला दिसताहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर आत्ता असा एखादा बोर्ड असेल. माझी एकच विनंती आहे. उद्या कामावर गेलात की गोदामातून एकाच खेपेतले दोन कोरे नग मागवा आणि शेजारी-शेजारी ठेवा. नेटवर्कची तार लावू नका. दोन्ही एकदमच चालू करा, किल्ल्या बनू द्या, मग दोघांचे ठसे कागदावर लिहून ताडून पाहा. पुसून पुन्हा करा, निदान वीस वेळा. मग चिपची तार मुद्दाम तोडा आणि बूटलोडर चूक कबूल करतो का ते बघा. आणि जागेवर काम करणाऱ्या एखाद्या तंत्रज्ञाचा फोन आला की दोन ठसे सारखे दिसताहेत, तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि त्या दोन्ही पेट्या त्याच दिवशी परत मागवा.